एक मीटर, एक्केचाळीस दारं

विल्डा ऑक्सली क्वेल हॉलोमध्ये, आमच्या ट्रेलरच्या म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, राहायला आली, त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी तिला वीज कंपनीची हेर ठरवून टाकलं होतं. आता आठवलं की हसून हसून पोट दुखतं, पण तेव्हा आमची अगदी पक्की खात्री! बाई रोज सकाळी वही घेऊन निघायची. मान वर करून खांब बघायची, तारा बघायची, कुठल्या तारेला कुठल्या झाडाची फांदी टेकलीय ते लिहून घ्यायची. तेरा नंबरच्या मर्नाने तर शेजारच्या ट्रेलरमधून ओढलेली आपली चोरटी वायर गुंडाळून फ्रीजमध्ये लपवली. फ्रीजमध्ये! ज्या फ्रीजसाठी ती वायर ओढली होती त्याच फ्रीजमध्ये. वर विल्डाला गरम गरम मक्याचा पाव नेऊन दिला, लाच म्हणून. विल्डाने तो तिथेच उभ्याने खाल्ला, "मीठ कमी पडलंय," म्हणाली आणि पुढच्या खांबाकडे निघून गेली.

हेर कसली नि काय! त्या तारेच्या जोरावर तिचा नवरा श्वास घेत होता.

हॉलिसने एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवत चालवली. गिरणी बंद पडली, पण तिचा भुसा याच्या छातीतच राहिला. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन दिवसरात्र घुरघुरत असायचं, आणि त्याची लांब नळी नाकात अडकवून हॉलिस घरभर फिरायचा. त्याला डोंगरावरच्या घराच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून दोघांनी ते विकलं आणि बावीस नंबरचा ट्रेलर घेतला.

"मला साखळीला बांधलंय हिने," तो येणाऱ्याजाणाऱ्याला नळी दाखवून सांगायचा.

"साखळी सोडली तर जाशील कुठे? मर्नाच्या दारात?" विल्डा आतून ओरडायची.

आणि ओरडायची म्हणजे ओरडायचीच. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली बाई. तीनशे पोरांची रांग नुसत्या आवाजावर सरळ करायची. तिला हळू बोलताच यायचं नाही. कानात गुपित सांगितलं तरी ते पार गेटापर्यंत पोचायचं. शेजारच्या तेवीस नंबरच्या एल्डनला त्याचंच बरं वाटायचं. एल्डन म्हणजे ट्रक चालवून चालवून कान गेलेला म्हातारा. रात्री झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून नाकातोंडावर मशीन लावून झोपायचा, आणि दिवसा दारात खुर्ची टाकून बसायचा. सोबतीला डचेस नावाची कुत्री. अख्ख्या क्वेल हॉलोमध्ये त्याला ऐकू येणारं एकच माणूस, विल्डा.

आता आमच्या मीटरचं सांगते, कारण सगळं रामायण त्या मीटरचं आहे. क्वेल हॉलोमध्ये ट्रेलर एक्केचाळीस, पण कंपनीचं मीटर एकच, गेटापाशी. बिल येतं मालकाच्या नावाने. मालक पेल्टन राहतो समुद्रकाठी, इथून चार तासांवर. तो मग आम्हाला वाटून बिलं पाठवतो. म्हणजे कंपनीच्या कागदावर क्वेल हॉलोमध्ये एकच माणूस राहतो, आणि तो इथे राहत नाही.

एरवी काही बिघडायचं नाही. पण आमच्याकडे ऑक्टोबरात उत्तरेचा वारा सुटतो. मे महिन्यापासून पावसाचा थेंब नसतो, गवत पापडासारखं वाळलेलं, आणि त्यात तो वारा. त्याच वाऱ्यात दरीपलीकडच्या डच बार नावाच्या गावात एक तार तुटून पडली, गवत पेटलं आणि दुपारपर्यंत गाव राहिलं नाही. विल्डाची बहीण तिथली. एका पायात सपात घालून ती निसटली. घराची उरली ती नुसती विटांची चिमणी. तेव्हापासून कंपनीने रीत काढली. वारा येणार असं दिसलं की आधीच वीज बंद करायची. एक दिवस, दोन दिवस, कधी पाच. आम्ही कंपनीला शिव्या घालतो, मेणबत्त्या लावतो, फ्रीजमधलं मटण सगळ्यांना वाटून टाकतो. विल्डाने मात्र कधी शिव्या घातल्या नाहीत. "करू देत बंद. चिमणी बघितलीय मी," एवढंच म्हणायची.

तिला हवं होतं ते एकच. बंद करायच्या आधी कुणीतरी येऊन सांगावं. ते सांगतील अशी तिला खात्रीही होती. का, तर दरवर्षी ती एक फॉर्म भरायची. घरात श्वासाचं मशीन आहे, डॉक्टरची सही, ट्रेलर नंबर, सगळं. फॉर्म गेला की पुढच्या बिलात सूट यायची. बाईची समजूत झाली, सूट येते त्या अर्थी कंपनीला आपण माहीत आहोत. आमची सगळ्यांचीच तीच समजूत. फॉर्मवर फोन नंबरही लिहिलेला होता तिने. पण कंपनीच्या यादीत नंबर जायचा मीटर ज्याच्या नावावर त्याचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं. मशीन डोंगरात आणि फोन समुद्रकाठी.

त्या वर्षी सोमवारी संध्याकाळी पेल्टनच्या फोनवर निरोप आला. त्याने तो मंगळवारी आमच्या मॅनेजरला, डेल्बर्टला, पाठवला. डेल्बर्टने नोटीस छापली आणि दुपारी लाँड्रीच्या, म्हणजे सगळ्यांच्या धुण्याच्या खोलीच्या, दारावर चिकटवली. यात त्याचं चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं. आमच्याकडे सगळं लाँड्रीच्या दारावरच लागतं. हरवलेलं मांजर, पाणी बंद, कुणाच्या मयतीनंतर कुणी काय शिजवून न्यायचं, सगळं. आणि दार कुणी कुणाचं वाजवत नाही. रस्त्यावरून हाक मारायची, नाहीतर गाडीचा हॉर्न. दार वाजलं म्हणजे शेरीफचा माणूस, नाहीतर जागा खाली करायचा कागद. घरात असलेला माणूससुद्धा श्वास धरून पडून राहतो.

पण लाँड्रीचे वार ठरलेले. विषम नंबरांचे मंगळवार-शुक्रवार, सम नंबरांचे सोमवार-गुरुवार. विल्डाचा बावीस नंबर. सोमवारी धुणं झालेलं. आता तिकडे फिरकायची ती गुरुवारी. आणि ज्यांनी नोटीस वाचली त्यांना वाटलं, विल्डाला कंपनीचा फोन आलाच असणार.

वीज गेली बुधवारी दुपारी दोनला.

विल्डा तेव्हा चाळीस मैलांवर होती, दवाखान्याच्या गावात. औषधं आणि नवी नळी आणायला गेली होती. निघताना हॉलिस म्हणाला होता, "येताना पीच आण. डब्यातले नकोत, खरे आण." ऑक्टोबरात कुठले खरे पीच, त्यावर दारात पाच मिनिटं भांडण झालं. अडीचला तिने फोन लावला तर लागेना. टॉवरच बंद. मग दुकानातले दिवे गेले, चौकातले सिग्नल गेले आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पेट्रोल पंप बंद, गाड्यांची रांग, एका चौकाला वीस मिनिटं. घरी एक सिलिंडर होता अडीअडचणीला. दोन तासांचा. दोनला सुरू केला असेल तर चार. गाडीतल्या घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि तेवढंच तिला जमलं नाही.

क्वेल हॉलोला पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. गेट बंद. विजेवर चालणारं गेट, कोण उघडणार? सहासष्ट वर्षांची बाई गाडी रस्त्यात टाकून गेटावरून चढून आत उतरली. पँट फाटली, मांडीला ओरखडा. मर्ना बघून हसायला लागली आणि तिचा चेहरा दिसल्यावर गप्प झाली.

हॉलिस पलीकडच्या खिडकीशी खुर्चीत होता. खिडकी सताड उघडी, पडदा वाऱ्याने छताला लागत होता. सिलिंडरचा काटा शून्यावर. बाहेर कडक ऊन, आभाळ धुतल्यासारखं निळं, धुराचा मागमूस नाही. हात अजून गार पडला नव्हता, असं ती सांगते. किंवा उन्हाने गरम राहिला असेल, असंही तीच सांगते.

वीज गेली की ते मशीन शिट्टी मारतं. त्या दिवशी तासभर तरी मारत राहिलं असणार. दहा पावलांवर एल्डन खुर्चीत बसलेला. त्याला काय ऐकू येणार! डचेस मात्र भुंकत सुटली होती. वाऱ्यावर भुंकतेय असं वाटून एल्डनने तिला दोनदा दटावलं, आणि मग घरात नेऊन बांधलं.

दुसऱ्या दिवशी तो विल्डाकडे आला. टोपी हातात. "मी तिला बांधलं, विल्डा."

"माहितीय."

"मला वाटलं, वारा."

"बस खाली," विल्डा म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "बीन्स खा. फ्रीजमधलं सगळं खराब होतंय."

डॉक्टरने कागदावर फुफ्फुसांचा आजार लिहिला. विजेचं नाव नाही. कंपनीचं पत्र आलं. दुःख झालं वगैरे झाल्यावर पुढे लिहिलं होतं, वारा गेल्यावर आम्ही तारा तपासल्या, तुमच्या भागात सात ठिकाणी फांद्या तारेवर पडलेल्या सापडल्या, प्रवाह चालू असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. विल्डाने वही काढली. सातांपैकी चार जागा तिच्या वहीत होत्या. "खोटं नाही लिहिलेलं," ती म्हणाली, आणि पत्र वहीत घालून ठेवलं. मर्ना चिडली. "तू त्यांची बाजू घेतेस?"

"वीज चालू ठेवली असती तर तू जळाली असतीस. बंद केली तर तो गेला. मध्ये एक दार वाजवायचं होतं, बाई. एक दार."

क्वेल हॉलोमध्ये मशीनवाले अजून तीन जण उरले होते. एल्डन, एकतीस नंबरची कोरा आणि गेटाजवळचा फिट्झ. पुढच्या ऑक्टोबरात त्यांना कोण सांगणार, हे एकच विल्डाच्या डोक्यात बसलं. वीज कधी, कशी, कुणाला सांगून बंद करायची याचे नियम राज्याचा वीज आयोग करतो. लोकांचं म्हणणं ते फोनवर ऐकतात, माणशी दोन मिनिटं. विल्डा पहिल्या वेळी पावणेदोन तास फोन धरून बसली. नंबर लागला तेव्हा हॉलिस कोण, कुठली गिरणी, पीचवरून काय भांडण झालं, इथपर्यंत आली आणि पलीकडून आवाज आला, "धन्यवाद, आपली वेळ संपली."

"अहो, तो मेला हे सांगायचंच राहिलं!" विल्डा ओरडली. पण तोवर दुसरा माणूस बोलायला लागला होता. त्याची तक्रार होती की वीज गेल्याने त्याचे मासे मेले.

त्या रात्री ती खूप रडली, असं मर्ना सांगते. मर्नाचं सगळंच खरं मानायचं नसतं, पण हे मानते मी.

मग बाई शहाणी झाली. वाचनालयातल्या बाईकडून कागद कसे दाखल करायचे ते शिकली. डेल्बर्टने लाँड्रीच्या दारावरून काढलेली ती नोटीस जपून ठेवली होती, चिकटपट्टीसकट. ती स्वतः होऊन आणून दिली. देताना मान वर केली नाही त्याने. विल्डाने ती जोडली, फॉर्मच्या प्रती जोडल्या, सूट दाखवणारी बिलं जोडली. आणि जानेवारीत, धुकं उतरलेल्या दिवशी, शहरात आयोगापुढे जाऊन उभी राहिली. अंगावर मयतीला घातलेलाच निळा ड्रेस.

कंपनीची वकील मोठी गोड बोलणारी. "मिसेस ऑक्सली, आम्हाला फार वाईट वाटतं. पण आमच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर मीटर. त्याच्यामागे कोण राहतं, हे आम्हाला कसं कळणार?"

"तुम्ही मला सूट देत होता," विल्डा म्हणाली.

"ती सूट खात्यावर जाते."

"खात्याला दमा होता का?"

मागे कुणीतरी हसलं. आयोगाच्या जजबाईंनी चष्मा वर केला. "मिसेस ऑक्सली, तुम्हाला नेमका काय नियम हवाय?"

"मॅडम, मी शाळेत स्वयंपाक करायचे. शेंगदाण्याने अंगावर सूज येणाऱ्या पोरांची यादी आमच्या भिंतीवर असायची. यादीत पोराचं नाव असायचं. जेवणाचे पैसे बाप भरतो म्हणून बापाचं नाव नाही लिहायचो आम्ही. बापाने शेंगदाणे खाल्ले तर त्याला काय होतंय?" एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "ज्याच्या घरात मशीन, त्याच्या दारात माणूस यावा आणि तोंडाने सांगावं. एवढी एक ओळ लिहा. मी अजून पाहिजे तर बोलते, पण एवढंच आहे."

वकील म्हणाली, असे मीटर हजारो आहेत, माणसं कुठून आणायची, खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलात जाईल. तेही खोटं नव्हतं. जजबाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

निकालाला सव्वा वर्ष लागलं. मधला ऑक्टोबर आला, वारा आला, तीनदा वीज गेली. तिन्ही वेळा पेल्टनला निरोप, डेल्बर्टला निरोप. डेल्बर्ट आता कागद न चिकटवता थेट बावीस नंबरपुढे येऊन हॉर्न वाजवायचा, आणि विल्डा पातेलं आणि डाव घेऊन तीन घरं फिरायची. डिसेंबरात कोराला तिच्या मुलीने नेलं, तिकडेच ती गेली. विजेने नाही, अशीच. मशीनवाले दोन उरले.

निकाल आला तो एकशे चाळीस पानांचा. वाचनालयात विल्डा बोट ठेवून ठेवून वाचत गेली. त्र्याण्णव पानावर तिची ओळ सापडली. म्हणजे तिची म्हणायची इतकंच. एका मीटरमागे राहणाऱ्या, मशीनची नोंद असलेल्या घरी कंपनीने वीज बंद करण्यापूर्वी "प्रत्यक्ष संपर्काचा वाजवी प्रयत्न" करावा आणि वेळेसह नोंद ठेवावी. हॉलिसचं नाव कुठेच नाही. विल्डाचंही नाही. "वाजवी" या शब्दावर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"जिंकलीस की गं!" वाचनालयातली बाई म्हणाली.

"हा शब्द मी नव्हता दिला," विल्डा म्हणाली. पानाची प्रत काढली, दहा सेंट दिले आणि घरी आली.

त्या ऑक्टोबरात, बुधवारीच, नारिंगी जाकीटवाला माणूस क्वेल हॉलोमध्ये आला. कंपनीने रोजावर घेतलेला, पन्नाशीचा, डोळे सुजलेले. दोन दिवस झोपला नसावा. छातीवर नाव, डुएन. हातात पाटीसारखा कॉम्प्युटर. दुपारी तीनला वीज जाणार होती. वाऱ्याने कचऱ्याचे डबे आडवे व्हायला लागले होते. फिट्झकडे जाऊन आला, मग तेवीस नंबरचं दार वाजवलं, दाराला कार्ड अडकवलं, पाटीवर बोट मारलं आणि निघाला. विल्डा कुंपणाशी उभी.

"भेटला का एल्डन?"

"संपर्क झालाय, मॅडम."

"म्हणजे भेटला?"

"आतून आवाज आला. नोंद केलीय."

"कुत्री भुंकली ती."

"कुत्री आहे म्हणजे माणूस आहे घरात. कार्डही लावलंय."

"माणूस आहेच घरात. झोपलाय, नाकाला मशीन लावून. रात्रभर वाऱ्याने जागा होता. आणि तो ठार बहिरा आहे. तू वीज कुत्रीला सांगून आलास."

डुएनने डोळे चोळले. "मॅडम, मला अजून बत्तीस दारं आहेत. नियमात 'प्रयत्न' लिहिलंय. मी प्रयत्न केला."

"'प्रत्यक्ष संपर्काचा' प्रयत्न. त्र्याण्णव पान. आणू का? आतच आहे."

"नको. तुम्हीच सांगा ना त्याला, शेजारीच राहता तर."

"मी सांगणारच आहे. गेल्या वर्षीपण मीच सांगितलं. पण कागदावर तू सांगितलंस असं लिहिलंयस, आणि तू नाही सांगितलंस. पुढच्या वर्षी मी नसले तर तुझा तो कागद म्हणेल, तेवीस नंबरचं काही बघायला नको, तिथे दार वाजवलं की उत्तर मिळतं."

तो उभा राहिला. वाऱ्याने त्याचं जाकीट फडफडत होतं. मग मागे वळला.

"दार नको!" विल्डा ओरडली. "मागच्या बाजूला जा. पलंगाच्या जागी भिंतीवर हाताने थाप मार. जोरात. त्याला धक्का कळतो."

त्याने थापा मारल्या. अख्खा ट्रेलर हलला, डचेस पिसाळल्यागत भुंकायला लागली. शेवटी दार उघडलं. एल्डन चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, गालावर मशीनचे वळ. "काय, शेरीफ आला?"

डुएनने त्याच्या तोंडासमोर जाऊन सांगितलं. तीन वाजता वीज जाणार, मशीनची सोय काय, शाळेच्या हॉलमध्ये जनरेटर आहे, न्यायला गाडी येईल. एल्डनने विल्डाकडे बघितलं. तिने मान हलवली. "पँट घालतो," तो म्हणाला.

डुएन कुंपणाशी आला. "झालं?"

"नोंद बदल."

"आहे तीच आहे ना, मॅडम. संपर्क झाला, दहा चाळीस."

"दहा चाळीसला कुत्री. माणूस नंतर."

"वीस-पंचवीस मिनिटांनी काय फरक पडतो?"

विल्डाने कुंपणावरून हात घालून पाटीवर बोट टेकलं. डुएनने पाटी वर धरली, जुनी नोंद पुसली. "अकरा पाच. ठीक?"

"सहा," विल्डा मनगट पुढे करून म्हणाली. "हे बघ."

"माझ्या पाटीवर पाच दाखवतंय."

"आता दाखवतंय का पाच?"

त्याने खाली बघितलं. अकरा सहा झाले होते. त्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि सहा लिहिलं.